बारा तारखेपर्यंत एंट्री जाते, तेरापासून अडते: तारखांचा घोळ आणि क्वेरी लॉग

तक्रार साधारण अशी येते. महिन्याच्या १ ते १२ तारखेपर्यंत नोंदी बिनबोभाट जातात. १३ ला सकाळी कारखान्याच्या गट ऑफिसातून फोन येतो, "साहेब, एरर येऊलालंय, तारीखच घेईना." कुणी सर्व्हर रीस्टार्ट करतं, कुणी नेटला नावं ठेवतं, काही नोंदी कागदावरच राहून जातात. पुढच्या महिन्याची १ तारीख उजाडली की सगळं आपोआप सुरळीत होतं आणि विषय मागे पडतो. मग पुन्हा १३.

साखर कारखान्याची ऊस नोंद, आडतीवरची सोयाबीनची आवक, दूध संकलन, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हे दुखणं निघतं. लातूरकडच्या मांजरा पट्ट्यात काम करणाऱ्यांना ऊस नोंद ओळखीची, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतो. कमांड आणि कॉलमची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती रोमनमध्येच करायची.

१३ तारखेच्या एररने फार नुकसान होत नाही. ती निदान ओरडून सांगते. नुकसान त्याआधीच्या बारा दिवसांत झालेलं असतं. आपण दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहितो आणि साखळीत कुठेतरी एक जण अमेरिकन सवयीने महिना, दिवस, वर्ष असं वाचतो. २५/०६/२०२४ आलं की तो अडतो, कारण पंचविसावा महिना नसतो. पण ०८/०१/२०२४ आलं की ८ जानेवारीचा १ ऑगस्ट करून तो गुपचूप पुढे जातो. दिवस आणि महिना दोन्ही १२ च्या आत आणि एकमेकांहून वेगळे, अशा तारखा वर्षात १३२ असतात. म्हणजे वर्षातल्या एक तृतीयांशाहून जास्त तारखा चुकीच्या होऊनही कुठे एरर दिसत नाही.

उसात याचा अर्थ काय होतो ते बघा. ८ जानेवारी २०२४ ची लागण म्हणजे 'सुरू' हंगाम (डिसेंबर ते फेब्रुवारीतली लागण). ती १ ऑगस्ट २०२४ झाली की आडसाली (जुलै-ऑगस्टची लागण) म्हणून बसते. जानेवारी २०२५ मध्ये तोडणी कार्यक्रम काढताना शेतातला ऊस बारा महिन्यांचा असतो आणि कॉम्प्युटरवर पाच महिन्यांचा. तोडणीची चिठ्ठी निघत नाही. उसाला तुरा येतो, वजन घटतं आणि शेतकरी शेतकी खात्यात येऊन भांडतो. शेतकी अधिकारी स्क्रीनवर तारीख दाखवतो, शेतकरी म्हणतो मी संक्रांतीच्या आधी लागण केली. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आधी क्वेरी बघा, मग कोडला हात लावा

अशा वेळी बहुतेक जण थेट कोड उघडतात आणि तारखेचा फॉरमॅट उलटसुलट करून बघतात. एकाने इथे उलटवलं, दुसऱ्याने तिथे उलटवलं, आणि सहा महिन्यांनी कुठली नोंद कितीदा उलटली हे कुणालाच सांगता येत नाही. त्याआधी एकच गोष्ट करायची: डेटाबेसपाशी नेमकी कुठली क्वेरी, म्हणजे ॲपने पाठवलेली आज्ञा, पोचतेय ते डोळ्यांनी बघायचं.

मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर त्यासाठी जनरल लॉग, म्हणजे आलेली प्रत्येक क्वेरी लिहून ठेवणारी फाइल, आहे. सर्व्हर बंद न करता तो चालू करता येतो:

सेट ग्लोबल जनरल_लॉग = 'ऑन';

फाइल कुठे आहे ते 'शो व्हेरिएबल्स लाइक जनरल_लॉग_फाइल' सांगतं. मग गट ऑफिसला फोन करून एकच नोंद करायला लावायची, आणि तारीख मुद्दाम १२ च्या आतली, दिवस-महिना वेगळे असलेली द्यायची. २५ तारखेची चाचणी इथे काही कामाची नाही. लॉगमध्ये अशी ओळ सापडेल:

२०२४-०१-०८टी०४:४५:१२.३१८२०४झेड ४१ एक्झिक्यूट इन्सर्ट इंटू ऊस_नोंद (सभासद_क्र, गट_क्र, लागण_तारीख) व्हॅल्यूज ('१०४२', '७', '२०२४-०८-०१')

या एका ओळीत बरंच काही आहे. सुरुवातीच्या वेळेला जोडलेला झेड म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ. मायएसक्यूएल ५.७ पासून लॉगमधली वेळ मुळात यूटीसीत लिहितं, त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे ही नोंद सकाळी सव्वादहाची. हे माहीत नसलं तर माणूस पहाटे पावणेपाचला कोण एंट्री करतंय म्हणून वॉचमनला विचारत बसतो. लॉग_टाइमस्टॅम्प्स हे सेटिंग 'सिस्टीम' केलं की स्थानिक वेळ दिसते.

आता शेवटची तारीख. कर्मचाऱ्याने ०८/०१/२०२४ टाकली होती आणि डेटाबेसपाशी '२०२४-०८-०१' पोचली. म्हणजे उलटापालट डेटाबेसच्या आधी झाली आहे. डेटाबेसची सेटिंग कितीही बदलली तरी काही फरक पडणार नाही. तपास ॲपमध्ये, ब्राउझरमध्ये किंवा एक्सेलमध्ये करायचा.

लॉगमध्ये '०८/०१/२०२४' अशी जशीच्या तशी दिसली, तर ॲपने अर्थ लावायचं काम डेटाबेसवर ढकललेलं आहे. तिथे डेटाबेसची भाषा आणि सेटिंग बघायची.

लॉगमध्ये '२०२४-०१-०८' बरोबर आहे आणि टेबलात मात्र वेगळं दिसतंय, तर ट्रिगर (नोंद होताना आपोआप चालणारी कमांड), कॉलमचा टाइप किंवा टाइमझोन बघायचा. आणि लॉगही बरोबर, टेबलही बरोबर, फक्त स्क्रीनवर किंवा छापील चिठ्ठीवर उलटं, तर बिघाड फक्त दाखवण्यात आहे. इथे टेबलातला डेटा दुरुस्त करायला जाणं म्हणजे चांगल्या नोंदींची वाट लावणं.

पोस्टग्रेसमध्ये हेच काम लॉग_स्टेटमेंट = 'मॉड' करतं. त्यात इन्सर्ट, अपडेट, डिलीट आणि टेबलांची रचना बदलणाऱ्या कमांड येतात, नुसत्या सिलेक्टचा कचरा येत नाही. एसक्यूएल सर्व्हरवर एक्स्टेंडेड इव्हेंट्स लावून चालू क्वेरी पकडता येतात.

ॲपच्या बाजूने लॉग घ्यायचा असेल तर एक अडचण पक्की येते. नुसती क्वेरी छापली की व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. पॅरामीटर वेगळे छापायला लागतात. लाराव्हेलमध्ये डीबी::लिसन लावलं की क्वेरीसोबत बाइंडिंग्ज (प्रश्नचिन्हांच्या जागच्या व्हॅल्यू) हाती येतात, जँगोमध्ये जँगो.डीबी.बॅकएंड्स हा लॉगर डीबग पातळीवर ठेवला की दिसतात, हायबरनेटचं शो_एसक्यूएल मात्र प्रश्नचिन्हांवरच थांबतं, बाइंडिंगचा लॉगर वेगळा चालू करावा लागतो. व्हॅल्यू छापताना तिचा टाइपही छापा. '२०२४-०१-०८' ही स्ट्रिंग (नुसता मजकूर) आहे की खरी तारीख आहे, हे नुसत्या दिसण्यावरून कळत नाही, आणि अर्धा तपास तिथेच संपतो.

जनरल लॉगबद्दल दोन गोष्टी. काम झालं की 'सेट ग्लोबल जनरल_लॉग = ऑफ' करायला विसरू नका. गळीत हंगामात वजनकाटा दिवसरात्र चालतो, प्रत्येक गाडीच्या मागे दहा-वीस क्वेरी होतात, आणि हा लॉग एकूण एक क्वेरी लिहितो. चालू राहिला तर डिस्क भरते, आणि डिस्क भरली की काटाच बंद पडतो, मग बाहेर बैलगाड्यांची रांग. दुसरं असं की या फाइलमध्ये सभासदांची नावं, बँक खाती, मोबाइल नंबर सगळं उघड्या अक्षरात असतं. ती व्हॉट्सॲपवर कुणाला 'जरा बघ ना' म्हणून पाठवायची नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी शेतकऱ्याचा खाते नंबर गावभर फिरवायची वस्तू नाही. हवी ती ओळ कापून घ्या, बाकी फाइल पुसून टाका.

टेबलातल्या तारखेवरून माग काढा

लॉग घ्यायची सोय नसेल, किंवा घोळ जुना असेल, तर टेबलात आधीच पडलेल्या चुकीच्या तारखाही बरंच काही सांगतात. प्रत्येक बिघाड आपली खूण सोडतो.

पहिली क्वेरी ही:

सिलेक्ट मॅक्स(डे(लागण_तारीख)) फ्रॉम ऊस_नोंद;

हजारो नोंदी असून उत्तर १२ आलं, तर तारखा महिना-दिवस-वर्ष अशाच वाचल्या जाताहेत आणि १२ नंतरच्या फेकल्या जाताहेत. एसक्यूएल सर्व्हरवर लॉगिनची भाषा यूएस इंग्लिश असली की असंच होतं, २४२ नंबरची एरर आणि 'आउट ऑफ रेंज' ही अक्षरं दिसतात. पोस्टग्रेसमध्ये डेटस्टाइल एमडीवाय (महिना-दिवस-वर्ष) असलं की असं होतं, पण पोस्टग्रेस भला डेटाबेस आहे, एररखाली स्वतःच सुचवतो की बहुधा तुम्हाला वेगळं डेटस्टाइल हवंय. ती सूचना वाचायचे कष्ट फार कमी लोक घेतात. ओरॅकलमध्ये एनएलएस_डेट_फॉरमॅट जुळलं नाही की ओआरए-०१८४३ येते, म्हणजे महिना वैध नाही.

मायएसक्यूएलची तऱ्हा निराळी आहे. ते महिना-दिवस उलटवतच नाही, ते आधी वर्षच शोधतं. '२५/०६/२०२४' ही स्ट्रिंग दिली की २५ ला वर्ष समजतं, ०६ ला महिना, आणि पुढच्या २०२४ मधले पहिले दोन अंक उचलून दिवस २० करतं. टेबलात बसतं २०२५-०६-२०. चुकीची व्हॅल्यू नाकारणारा स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर १२९२ नंबरची एरर येते आणि नोंद बिघडण्यापासून वाचते. बंद असेल तर नुसती वॉर्निंग, जी कुणीच बघत नाही. तेव्हा टेबलात सगळ्याच तारखांचा दिवस २० दिसला आणि वर्षं २००१ पासून २०३१ पर्यंत विखुरलेली दिसली, तर फार विचार करायचं कारण नाही. 'सिलेक्ट @@एसक्यूएल_मोड' चालवा आणि स्ट्रिक्ट_ट्रान्स_टेबल्स आहे का बघा. मायएसक्यूएल ५.७ पासून तो मुळातच चालू येतो, पण जुनं सॉफ्टवेअर 'नव्या सर्व्हरवर चालेना' म्हणून कुणीतरी तो बंद केलेला असतो. इन्सर्ट इग्नोर वापरलं असेल तर स्ट्रिक्ट मोड असूनही एररची वॉर्निंग होते. फाइल टेबलात भरणाऱ्या लोड डेटा लोकलचंही तेच.

सगळ्या नोंदींचं वर्ष २०२० दिसलं, तर मजकुराची तारीख करणाऱ्या स्ट्र_टू_डेट मध्ये कॅपिटल वायच्या जागी छोटा वाय पडलाय. छोटा वाय दोनच अंक वाचतो, २०२४ मधले २० घेतो आणि उरलेले सोडून देतो.

१९७०-०१-०१ दिसली तर पीएचपीकडे बघा. तिथलं स्ट्र-टू-टाइम हे फंक्शन फार लाडकं आहे आणि फार दगाबाज आहे. तारखेत तिरपी रेघ असली की ते अमेरिकन समजतं, आडवी रेघ असली की आपल्यासारखं वाचतं. म्हणजे ०८-०१-२०२४ बरोबर आणि ०८/०१/२०२४ उलटं, एकाच फॉर्ममध्ये! २५/०६/२०२४ त्याला वाचताच येत नाही, ते फॉल्स परत देतं, तो फॉल्स पुढच्या डेट फंक्शनमध्ये शून्य होतो आणि शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. त्यामुळे पीएचपीत १३ तारखेला एररसुद्धा येत नाही. बारा तारखेपर्यंतच्या नोंदी उलट्या आणि त्यानंतरच्या सगळ्या १९७० च्या, असं भयंकर मिश्रण तयार होतं.

तारीख बरोबर एक दिवस मागे जात असेल, तर तो टाइमझोन. जावास्क्रिप्टमध्ये स्थानिक वेळेने १५ जूनची मध्यरात्र घेतली आणि टूआयएसओस्ट्रिंग केलं की १४ जून, १८:३० मिळतं. पुढे कुणी त्यातली पहिली दहा अक्षरं तेवढी कापून घेतली की तारीख १४ जून. टेबलात किंवा लॉगमध्ये कुठेही १८:३० दिसलं की समजायचं, भारतातली मध्यरात्र यूटीसीत लिहिली गेली आहे. लागणीची तारीख ठेवायला डेट टाइपच घ्या. टाइमस्टॅम्प घेतला की वेळ येते, वेळ आली की टाइमझोन येतो, आणि ऊस किती वाजता लावला हे कुणालाही नको असतं.

जावात सगळ्या तारखा जानेवारीच्या झाल्या असतील तर पॅटर्नमध्ये कॅपिटल एमऐवजी छोटे एम आहेत, छोटे एम म्हणजे मिनिटं. आणि डिसेंबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत पावतीवर पुढचं वर्ष छापून येत असेल तर छोट्या वायच्या जागी कॅपिटल वाय आहेत, जावात त्याचा अर्थ आठवड्याचं वर्ष होतो. म्हणजे जावाचा वाय आणि मायएसक्यूएलचा वाय नेमके उलटे.

एक्सेलमधून येणारी फाइल

निम्म्याहून जास्त वेळा मूळ इथेच सापडतं. गट ऑफिसातून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल) येते, कुणीतरी 'जरा बघून घेतो' म्हणून ती एक्सेलमध्ये उघडतं, सेव्ह करतं आणि मग अपलोड करतं. त्या कॉम्प्युटरच्या विंडोजचा प्रदेश यूएस असेल तर फक्त उघडल्यानेच तारखा बिघडतात. नवीन लॅपटॉप आल्यावर तक्रार सुरू झाली असेल तर बाकी काही बघायच्या आधी रीजन सेटिंग बघा.

ओळखायची रीत सोपी आहे. फाइल उघडल्यावर तारखेच्या रकान्याकडे नीट बघा. काही तारखा उजव्या कडेला टेकलेल्या दिसतात, काही डाव्या. उजवीकडच्या म्हणजे एक्सेलने तारीख म्हणून स्वीकारलेल्या, डावीकडच्या म्हणजे निव्वळ मजकूर म्हणून ठेवलेल्या. आता डावीकडच्यांचा दिवस वाचा: सगळे १३ ते ३१. आणि उजवीकडच्या सगळ्या १२ च्या आतल्या, म्हणजे उलटलेल्या. एकाच रकान्यात गहू आणि खडे एकत्र, आणि खडे गव्हाच्याच रंगाचे. अशी फाइल ॲपने कितीही काळजीपूर्वक वाचली तरी उपयोग नाही, कारण सेव्ह करताना मूळ मजकूर गेलेला असतो. ती टाकून द्यायची आणि मूळ सीएसव्ही मागवायची. एक्सेलमध्ये उघडायचीच असेल तर डेटा मेनूतून टेक्स्ट फाइल म्हणून आयात करून तो रकाना 'टेक्स्ट' किंवा 'डीएमवाय' (दिवस-महिना-वर्ष) असा स्पष्ट सांगायचा.

तारखेच्या जागी ४५४५८ असा आकडा आला, तर तो एक्सेलचा दिवसांचा क्रमांक, १५ जून २०२४. मोजणी १ जानेवारी १९०० ला १ धरून चालते. स्वतः हिशेब करायला गेलात तर एक दिवस जास्त निघेल, कारण एक्सेल १९०० ला लीप वर्ष मानतं, जे ते नव्हतं. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट सॉफ्टवेअरमधली ही चूक जुळवून घेण्यासाठी एक्सेलने तशीच ठेवली.

मराठी अंकांचा प्रश्न

हा आपल्याकडचा खास. स्लिपबॉय, म्हणजे कारखान्याचा शेतावर फिरणारा कर्मचारी, मोबाइलवर शेताच्या बांधावरून नोंद करतो, कीबोर्ड मराठी, आणि अंकही देवनागरी उमटतात. डोळ्यांना १५/०६/२०२४ अगदी बरोबर दिसतं. डेटाबेसला मात्र ती तारीख वाटत नाही, कारण त्याला रोमन कीबोर्डवरचे अंक हवे असतात आणि देवनागरी अंकांचे युनिकोड क्रमांक वेगळे. लॉगमध्ये हे लगेच दिसतं, बाकी सगळी ओळ रोमन आणि मधेच आपले अंक.

पायथनमध्ये हे जास्त फसवतं. तिथे रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकाचा नियम देवनागरी अंकही मान्य करतो, इंट फंक्शनही त्यांचा बरोबर आकडा करतं. मग तपासणी पास होते आणि पुढे तीच स्ट्रिंग क्वेरीत गेली की डेटाबेस नाकारतो. जावास्क्रिप्टची तपासणी मात्र आधीच अडवते. तेव्हा एकच फॉर्म वेबवर अडतो आणि ॲपवरून जातो, असा चमत्कार दिसला तर अंक तपासा. यावर उपाय म्हणून 'मराठीत टाइप करू नका' असा फतवा काढणं मला पटत नाही. दहा अंकांची बदली करणारं चार ओळींचं फंक्शन लिहा, तारीख वाचण्याआधी चालवा, माणसाला त्याच्या कीबोर्डवर राहू द्या.

दुरुस्ती

तारीख जिथे आत येते तिथेच, एकदाच, फॉरमॅट स्पष्ट सांगून तिची खरी तारीख करायची. पीएचपीत क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅट वापरा, पण तेही ३१ फेब्रुवारी दिली तर निमूट मार्चमध्ये ढकलतं, म्हणून त्यानंतर गेट-लास्ट-एरर्स मधली वॉर्निंग तपासा. पुढे क्वेरीत ती पॅरामीटर म्हणूनच जाऊ द्या. अवतरण चिन्हांत तारीख चिकटवून क्वेरीची स्ट्रिंग तयार करणं बंद करा. एसक्यूएल इंजेक्शनची भीती तर आहेच, पण इथे मुद्दा असा की स्ट्रिंग झाली की तिचा अर्थ लावायचा हक्क पुन्हा दुसऱ्या कुणाकडे जातो.

स्ट्रिंग पाठवण्यावाचून गत्यंतर नसेल तर वर्ष-महिना-दिवस. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून आहे आणि मायएसक्यूएल, पोस्टग्रेसला चालतं. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइम टाइपला मात्र तेही खात्रीने चालत नाही. लॉगिनची भाषा ब्रिटिश असेल तर तो '२०२४-०१-०८' ला वर्ष-दिवस-महिना असं वाचतो. तिथे रेघा काढून सलग '२०२४०१०८' लिहा, किंवा कॉलम डेट अथवा डेटटाइम२ करा. आपली पद्धत वाचायची असेल तर कन्व्हर्टमध्ये १०३ ही स्टाइल द्या. १०१ दिली की अमेरिका.

मोठ्या फाइल थेट मुख्य टेबलात टाकू नका. मधलं एक टेबल ठेवा, त्यात तारीख आलेल्या मजकुरासकट जशीच्या तशी एका कॉलममध्ये आणि वाचलेली तारीख दुसऱ्यात. जागा कितीशी लागते? पुढे भांडण झालं की मूळ मजकूर हातात असतो. लोड डेटा वापरत असाल तर तारीख आधी व्हेरिएबलमध्ये घेऊन सेट लागण_तारीख = स्ट्र_टू_डेट(@त, 'टक्का-डी/टक्का-एम/टक्का-वाय') असं करा, वाय कॅपिटल.

टेबलावर पहाराही हवा. मायएसक्यूएल ८.०.१६ पासून चेकची अट खरोखर पाळली जाते, त्याआधी लिहिली तरी दुर्लक्षित होत असे. चेकमध्ये आजची तारीख वापरता येत नाही, पण 'लागण तारीख नोंदीच्या तारखेपेक्षा पुढची नको' हे दोन कॉलममधलं नातं लिहिता येतं, आणि ८ जानेवारीचा १ ऑगस्ट तिथेच अडतो. खालची मर्यादाही घाला. मायएसक्यूएलचा डेट टाइप इसवी सन १००० पासून मान्य करतो. मराठवाड्यात निजामकाळचे जमिनीचे कागद स्कॅन करून नोंदवणारे लोक आहेत, त्या कागदांवर फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यातली महसुली वर्षगणना, असतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. ते १३५७ कुणी वर्षाच्या जागी टाकलं तर मायएसक्यूएल त्याला चौदाव्या शतकातली तारीख म्हणून आनंदाने ठेवून घेतं. एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइम १७५३ च्या आधीचं काही घेतच नाही, म्हणून तिथे निदान अडतं. फसली तारीख मजकूर म्हणून वेगळ्या कॉलममध्ये ठेवावी आणि ५९० मिळवून येणारं इसवी सन फक्त अंदाजासाठी शेजारी, कारण फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नाही.

आधीच बिघडलेल्या नोंदी

दिवस १२ च्या आत असलेल्या सगळ्या नोंदी एका अपडेटने उलटवून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. त्यात बरोबर असलेल्याही उलटतात, आणि तीच क्वेरी चुकून दुसऱ्यांदा चालली की दुरुस्त झालेल्या परत बिघडतात. बॅकअप घ्या, लागण_तारीख_नवी असा वेगळा कॉलम जोडा, आणि कुठल्या कारणाने बदल केला ते लिहायला एक कॉलम.

दिवस १३ किंवा पुढचा असेल ती नोंद उलटलेली असूच शकत नाही, कारण उलटल्यावर दिवसाच्या जागी महिना आलेला असतो. ती बाजूला काढा. १९७० च्या नोंदींना टेबलात काहीच पुरावा उरलेला नाही, त्यांचा मूळ कागदच शोधायला लागेल.

उरलेल्यांत लागण तारीख नोंदीच्या वेळेपेक्षा पुढची असेल, तर ती नक्की चूक. पुढे हंगामाचा कोड कामाला येतो. तो कर्मचारी वेगळा निवडतो, तारखेवरून निघत नाही, म्हणून तो स्वतंत्र साक्षीदार आहे. सुरू लागण साधारण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, आडसाली १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. कोड सुरू आणि तारीख १ ऑगस्ट, आणि उलटवली तर ८ जानेवारी, म्हणजे निकाल लागला. खोडव्याची तारीख म्हणजे आधीचा ऊस तुटल्याची तारीख, ती गळीत हंगामातच पडायला हवी, आणि त्याच सभासदाच्या आधीच्या वजनपावत्यांशी ताडूनही बघता येते. सॉफ्टवेअरमध्ये हंगाम तारखेवरूनच आपोआप भरला जात असेल तर मात्र ही साक्ष बाद.

पूर्वहंगामीत हे जमत नाही. १० नोव्हेंबर उलटली की ११ ऑक्टोबर होते, दोन्ही तारखा त्याच मोसमातल्या वाटतात. अशा नोंदींसाठी त्या कुठल्या कॉम्प्युटरवरून, कुठल्या लॉगिनने आल्या ते बघा. एकाच गट ऑफिसच्या एकाच काळातल्या बाकी नोंदी उलट्या निघाल्या असतील तर याही त्याच रांगेतल्या. त्यानेही ठरत नसेल तर गटवार यादी छापून गट ऑफिसला पाठवा, शेजारी दोन्ही तारखा द्या आणि नोंदवहीत बघून एकीवर खूण करायला सांगा. यादी लहान होते, दोन दिवसांत परत येते.

नव्या कॉलममधल्या तारखा मुख्य कॉलममध्ये नेताना ट्रान्झॅक्शन उघडा, किती नोंदी बदलल्या तो आकडा यादीशी जुळला तरच कमिट करा, म्हणजे बदल कायम करा. आणि हे सगळं तोडणी कार्यक्रम काढायच्या आधी उरका, कारण एकदा चिठ्ठ्या छापून टोळ्यांच्या हातात गेल्या की टेबल दुरुस्त करून काही उपयोग होत नाही.